सेत्सुसानने न लिहिलेलं

आमच्या गावात कुणाला ऐकू येईनासं झालं की आधी डॉक्टर आणि मग सेत्सुसान. नागाओ सेत्सु, 'सान' हे आदराचं; पोस्टातून निवृत्त झालेली बुटकी बाई. तिच्या पिशवीत जाड टोकाची काळी पेनं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा कायम. बहिऱ्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि समोरचा जे बोलतो ते कागदावर उतरवत जायचं, हे तिचं काम. दवाखाना असो, देवळातलं प्रवचन असो, सफरचंद संघाची सभा असो. तोंड पळतं आणि हात चालतो, म्हणून सगळं लिहायचं नाही, फक्त सार लिहायचं, असं तिला शिकवलंय. खोकला, 'अं', 'म्हणजे', तेच तेच बोलणं सगळं गाळायचं. काम झालं की कागद फाडायचे आणि बाहेर ब्र काढायचा नाही.

"संघाच्या सभेत काल अध्यक्ष कुणावर घसरला हो?" मी कितीदा विचारलं असेल.

"हिराई, माझ्या फ्रिजचं दार बसवून देणार होतास ना रे तू?" झालं, विषय संपला.

माझं विजेच्या सामानाचं दुकान. मी खरा फ्रिज आणि धुलाई यंत्रांचा माणूस, पण गावात कुणाचा मॅक संगणक रुसला तरी माझ्याच उरावर. बर्फ वितळून रस्त्यात नुसता राडा झाला होता, त्या दिवसांत एइसाकु कासाई मॅक काखेत मारून आला. सफरचंदाची बाग आहे त्याची. कानाने ठार बहिरा, त्यामुळे बोलतो ते डोंगरापलीकडे ऐकू जावं असं.

"हिराई! हे यंत्र मला माझ्याच बायकोचं बोलणं देत नाही!"

रस्त्यावरची माणसं थबकली. मागून सेत्सुसान आली. ती बसली, पेनाचं टोपण काढलं, तेव्हा कुठे मला त्याच्याशी बोलता आलं.

त्याची बायको तोशिए त्या हिवाळ्यात गेली. बागेचा हिशेब ती स्वतःच्या मॅकवर ठेवायची. इस्पितळात एइसाकु भेटायला गेला की तोच मॅक खाटेवरच्या फळीवर उघडून सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करायची. दोघांच्या मध्ये सेत्सुसान सार लिहायला बसलेली असायची. पुढे पुतणीने त्या फाइली डिस्कवर घेऊन काकाच्या नव्या मॅकवर आणल्या आणि आवाजाचं लिखाण करून देणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याने फाइल निवडली की एकच उत्तर यायचं, वाचायची परवानगी नाही.

"सार वाचलंय ना तुम्ही?" मी म्हटलं. सेत्सुसानने लिहिलं.

"वाचलंय की! खत कधी घालायचं, संघाची वर्गणी, लोकरी मोजे कुठल्या खणात. जन्मभर संसार केला आणि जाताना मला काय, मोजे?" त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "रागावली होती का रे ती माझ्यावर? तेवढं कळू दे. मग काहीही असो."

सेत्सुसानचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथे शाईचा डाग पसरला.

मॅकवर प्रत्येक फाइलला मालक असतो. पुतणीने सगळं उचलून आणलं, तशी मालकीही आली. मालकीण तोशिए, आणि नवरा तिच्या घरात परका! मी फाइलींच्या फोल्डरची माहिती उघडली, खालचं कुलूप पासवर्ड टाकून काढलं, यादीत एइसाकुचं नाव घातलं, त्याला वाचायची-लिहायची मुभा दिली. तरी नन्नाचा पाढा. माझं डोकं फिरलं. मी त्या मॅकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एइसाकुने कागद वाचला. "थोडा वेळ लागेल," एवढंच सेत्सुसानने लिहिलं होतं.

"अहो, मी एवढं बोललो ते?"

"सार तेच होतं," ती म्हणाली.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी फोल्डरला परवानगी दिली होती, आतल्या फाइलींना नाही. म्हणजे वाड्यात या, पण खोल्यांना कुलूपच. 'आतल्या सगळ्यांना लागू करा' म्हटलं. शेवटची अडचण सॉफ्टवेअरची होती. मॅकच्या गोपनीयतेच्या यादीत त्याला त्या फोल्डरकडे बघायची मुभाच नव्हती. तीही दिली, बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली.

पण आमची बोली त्या यंत्राच्या बापाला कळेल तर शपथ! निम्मं लिखाण म्हणजे भुताची भाषा. सेत्सुसानने गपचूप माझे हेडफोन उचलले.

"सार काढू का?" तिने कागदावर विचारलं.

"एक अक्षर गाळलंत तर याद राखा!" तो ओरडला.

माझ्या दुकानाच्या मागच्या टेबलावर ती रोज येऊन बसायला लागली. ऐकायची, थांबवायची, दुरुस्त करायची. मधेच हेडफोन काढून भिंतीकडे बघत राहायची. मी चहा ठेवायचो, तो गार व्हायचा. एकदा म्हणाली, "हिराई, मी नियमाप्रमाणेच लिहिलं रे." तिचे डोळे लाल झाले होते. मी गार चहा उचलून नवा ठेवला.

सगळं छापून झालं तेव्हा एइसाकुला बोलावलं. तो चष्मा लावून वाचायला लागला. खत होतं, वर्गणी होती, मोजेही होते. पण त्यांच्या अधेमधे, पानापानावर, ओळीच्या ओळी एकच शब्द.

'अहो.'

'अहो.'

'अहो, इकडे बघा ना.'

'अहो.'

इस्पितळात तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत असायचा, आणि सेत्सुसानचं डोकं कागदात. तोशिए हाक मारत राहायची. तो वळला की मग मोजे. त्या हाकांत लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि वर तेच तेच. म्हणून सेत्सुसानने गाळल्या होत्या. नियमच तसा.

एइसाकुने मान वर केली. "हे तुम्ही लिहिलं नाहीत."

सेत्सुसानने पेन उचललं, ठेवलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून फक्त होकाराची मान हलवली.

मला वाटलं, आता हा टेबल उलथणार. पण त्याने पुन्हा पहिलं पान काढलं. पहिल्या 'अहो'वर जाडजूड बोट ठेवलं आणि त्याच्या त्या डोंगरापलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "ओ!"

बोट खाली सरकलं. "ओ!"

पुन्हा खाली. "ओ, बोल गं."

सेत्सुसानने माझी बाही ओढली. "चल, बाहेर थांबू."

आम्ही दुकानाच्या दारात उभे राहिलो. एक गिऱ्हाईक दिवा घ्यायला आलं, मी त्याला नंतर ये म्हटलं. आत एइसाकु एकेका हाकेला ओ देत होता.