अवसेचं तिकीट

आमच्या वस्तीत पंचांग नव्हतं, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर तेही घराबाहेर गेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबांच्या कारखान्याचं कॅलेंडर, ज्यावर लेथ मशिनची चित्रं आणि नुसत्या तारखा. लग्न असो की बारसं, सुट्टीचा वार हाच आमचा मुहूर्त. विजेच्या टंचाईमुळे तेव्हा कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटल्या होत्या आणि आमच्या वाट्याला सोमवार आला होता. म्हणून ताईसाठी व्हॉलीबॉलचे सामने भरवायचं ठरलं, तेव्हाही मे महिन्यातला एक सोमवार धरला गेला.

ताईचा मुंबईला नर्सिंगला नंबर लागला होता. वस्तीतून एवढ्या लांब शिकायला निघालेली पहिलीच मुलगी. फी आणि होस्टेलचं डिपॉझिट आठवड्याच्या आत भरायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. बाबांच्या पगारात ते बसणं शक्यच नव्हतं. वडीलधारे म्हणाले, वर्गणी काढू. ताई भडकली. "माझ्यासाठी दारोदार डबा फिरवणार असाल तर मी मशीन घेऊन शिवत बसते," म्हणाली. आमच्या घरात हट्टाला तोटा नव्हता आणि ताई तर सगळ्यांत वरचढ.

मग कुणीतरी सामन्यांचं काढलं. तिकीट लावू, लोक खेळ बघायला पैसे देतील, त्यात कसला कमीपणा? वस्तीची टीम नाशिकरोड भागात नावाजलेली होती. बाबा लिफ्टर होते. लिफ्टर म्हणजे दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू नेमका उचलून देणारा. टाळ्या मारणाऱ्याला पडतात, लिफ्टरकडे कोणी बघत नाही. बाबांचा स्वभावही तसाच होता. देवळाली कॅम्पातल्या जवानांची टीम बोलावली. ते आले म्हणजे गर्दी होणारच.

वस्तीतलं मैदान दगडासारखं, पडलं की गुडघे सोलायचे. म्हणून दसकला, गोदावरीच्या कोरड्या पात्रात, वाळूवर कोर्ट आखलं. वाळूवर चुन्याची फक्की दिसत नाही, तेव्हा आमच्या दोन खाटांची नवार उसवून तीच खुंट्या ठोकून रेषा म्हणून ताणली. आई बडबडत होती, "आज रात्री झोपायचं कुठं, रेषेवर?" पण उसवून तिनंच दिली.

सकाळचे सामने छान झाले. ताई डबा आणि तिकिटं घेऊन वाटेवर उभी, शेजारी आई, आणि मी माठातलं पाणी वाटत होते. तिकीट आठ आणे. मी आठवीत होते आणि मला वाटत होतं, सगळं नाशिक आम्हालाच बघायला लोटलंय. फायनलला बाबांची टीम आणि जवान उतरले, आणि तेवढ्यात वाळू ओली व्हायला लागली.

आधी एक काळपट पट्टा दिसला, मग बोटभर पाणी सरकत आलं. सगळे बघतच राहिले. काठावरचा एक म्हातारा खो खो हसत सुटला. "अरे, सोमवती अवस हाय आज! पर्वणीला धरणाचं पाणी सोडत्यात, ठाऊक नाय व्हय?" रामकुंडावर लोकांना स्नान करता यावं म्हणून उन्हाळ्यात पाणी सोडतात, हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला. पाणी घोट्यापर्यंत आलं, खुंट्या उपटल्या, आमच्या खाटांची नवार पाण्यावर तरंगायला लागली. लोक चपला हातात घेऊन निघाले. डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. ताईचा चेहरा बघून मला रडू फुटलं.

त्याच वेळी रामकुंडावर फुलं विकून माडसांगवीकडे परतणाऱ्या चार माळणी रिकाम्या पाट्या घेऊन त्या वाटेनं आल्या. पुढची बाई वयस्क होती. डबा धरून उभी असलेली पोर बघून तिनं कमरेची चंची सोडली आणि डब्यात नाणं टाकलं. "अवस हाय आज. घे पोरी, सुखी ऱ्हा."

आईला काय झालं कुणास ठाऊक. तिनं डब्यात हात घालून ते नाणं काढलं आणि बाईच्या हातावर परत ठेवलं. आई माहेरची सटाण्याकडची. फार संतापली की तिकडची बोली तोंडात यायची. "आमले दान नको!"

बाई चपापली, पण चिडली नाही. "मंग डबा कशापायी धरलाय?"

"तिकीट आहे, मावशी. व्हॉलीबॉलचं," ताई म्हणाली.

बाईनं पाण्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, आणि मग आईकडे वळून विचारलं, "केवढ्याला, बाई?"

आईनं ताईच्या हातातलं एक तिकीट पुढे धरलं. मग म्हणाली, "आठ आणे."

"लय झालं," म्हणत बाईनं चौघींची तिकिटं घेतली, पाटी उपडी घालून काठावर तिच्यावर बसली आणि ओरडली, "हां, दावा आता!"

बाबांनी जवानांच्या हवालदाराकडे पाहिलं. तिकीट घेऊन माणसं बसली होती, आता खेळ दाखवणं भाग होतं. हवालदारानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चलो भाई, पब्लिक बैठी है."

आणि त्या पाण्यात फायनल झाली! चामड्याचा चेंडू भिजून वरवंट्यासारखा जड झालेला, जवान धपाधप पडताहेत, इन की आऊट म्हणून भांडावं तर रेषाच ओढून काठावर टाकलेली. निघालेली माणसं परतली. पर्वणी आटोपून येणारे ओल्या पंच्यांसकट थांबले. ताईला तिकिटं पुरेनात, तेव्हा तिनं उरलेल्यांचे अर्धे तुकडे फाडून विकले. बाबा गुडघाभर पाण्यात उभं राहून चेंडू वर उचलत होते आणि त्या एका दिवशी टाळ्या लिफ्टरला पडल्या. शेवटी चेंडूच प्रवाहात गेला आणि सामना अर्ध्यावर राहिला. "पुढल्या खेपेला पुरा दावा," माळीणबाई बजावून गेली.

डबा भरला होता. ताई त्याच आठवड्यात मुंबईला गेली. पुढे कितीतरी वर्षं पांढऱ्या साडीत वॉर्ड सांभाळून ती निवृत्त झाली, आणि अजूनही तितकीच हट्टी आहे.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. आई अंगणात बसून ओली नवार परत खाटेला विणत होती आणि मी टोक धरून ओढत होते. मी विचारलं, "आई, त्या बाईवर एवढी का गं ओरडलीस? चांगली होती बिचारी."

तिनं नवारीचा आणखी एक पट्टा ओवला. मग सांगितलं, जे त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. लहानपणी ती तिच्या आईबरोबर टोपली घेऊन गावात जायची, दर अवसेला. दारात लांब उभं राहायचं आणि ओरडायचं, "अवस वाढा, माय." कुणी भाकरी टाकायचं, कुणी धान्य, वरून, हात लागू न देता.

"चांगलीच होती ती," आई म्हणाली. नवार तिनं गच्च आवळली आणि डोळे पदरानं पुसले. "अवसेच्या दिवशी मला देणारे पुष्कळ बघितले गं. केवढ्याला, असं विचारणारी ती पहिली."