डोळ्यासाठी भात सोडला

सन २०१२. मी सदुसष्ट वर्षांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेताच्या धुऱ्यावरून सायकल नेता नेता खालच्या बांधीत, धानाच्या चिखलात पडलो, तेव्हापासून पोरानं सायकलीला कुलूप घातलं. शेत माझं, धान माझं, आणि पाहायला जायचं तर पोराच्या गाडीवर मागं बसून. तिथं जाऊनही काय? लोंब्या आलेलं, निसवलेलं धान मला नुसता हिरवा धूर दिसायचा.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, शुगर उतरली तरच ऑपरेशन. भात बंद करा. धान पिकवणाऱ्याला भात बंद! आमच्या घरी सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. पोळी व्हायची ती पाहुणा आला तर.

सून जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात पोळीवरच वाढलेली. तिनं माझ्या ताटात पोळ्या वाढायला सुरुवात केली. तीन दिवस खाल्ल्या. जबडा दुखला, पोट फुगलं, पण जेवलो असं वाटेना. चवथ्या दिवशी सकाळी बायकोनं पेज उतरवली आणि त्या वासानं मी चुलीपाशीच जाऊन बसलो. पण भात खाणार नाही असा डॉक्टरला शब्द दिला होता, आणि मी शब्दाचा पक्का. बायकोला म्हटलं, "तांदूळ दळून आण. भाकर कर मले."

"अजी, ते बी तांदूळच न?"

"डाक्तरनं भात म्हटलं. भाकर नाई म्हटली."

सुनेनंही टोकलं. मी तिच्यावर ओरडलो. मग महिनाभर तांदळाची भाकर, पोहे, मुरमुरे. भाताचं शीत तोंडात घातलं नाही. लग्नाच्या पंगतीत भात परत पाठवला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, मी सोडला.

महिन्यानं तपासलं, तर शुगर आधीपेक्षा जास्त. डॉक्टरनं विचारलं, आजोबा, काय खाता? मी छाती काढून सगळं सांगितलं. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, दळला तरी तांदूळ तो तांदूळच. ऑपरेशन आता नाही.

घरी येऊन मी भडकलो. "मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"पैल्याच दिवशी बोलली मी," बायको म्हणाली.

सून मोबाइल पाहत होती. "मामाजी, जपानमध्ये तुमच्यासारख्याला तीन दिवसांचा साधू म्हणतात. साधू व्हायला जातो आणि तीन दिवसांत पळून येतो."

बायको म्हणाली, "तीन दिवसांत आपल्याइथं राख सावडतेत. हे तं जित्तेच वापस आले."

"जपानवाल्यायले काय समजते भाताचं?"

"ते पण भातच खातात, मामाजी."

"मंग सोडून दाखवा म्हनाव त्यायले!"

सगळे हसले. पोरगाही. मी ताट सरकवलं आणि न जेवताच उठलो. हसायला काय जातं? डोळे माझे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पेज चढायच्या आत सुनेकडून दोन पोळ्या फडक्यात बांधून घेतल्या. काठी टेकत टेकत, पेजेचा वास येणार नाही इतक्या दूर सडकेच्या पुलापर्यंत गेलो, आणि तिथं बसून दोन्ही कोरड्याच चावल्या.