जहाजावरच्या फॉर्मल संध्याकाळी आणि ह्यांचा कोट

"आई, दोन संध्याकाळी फॉर्मल कपडे लागतील असं लिहिलंय गं," मृणाल फोनवर म्हणाली, आणि आमच्या घरात पंधरा दिवस नुसती धांदल उडाली.

मृणाल आमची एकुलती एक, ठाण्याला नोकरी करते. तिनं आम्हा दोघांना न विचारता मुंबई ते लक्षद्वीप आणि परत अशी चार रात्रींची जहाजाची सहल काढून टाकली होती. मी अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरच, सावेडीत घरी ब्लाउज शिवते. हे नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते, आता निवृत्त. मूळचे जामखेडकडचे, त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच. फॉर्मल म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "मंजी लग्नाला चाललोय का आमी?"

आता एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी प्रेसमध्ये ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची दोन्ही. कामाचं फार अडलं नाही, डाव्या हातानं सगळं शिकले. अडलं ते जेवणाचं. घास नीट धरता येत नाही, म्हणून चमच्यानं जेवतात. घरात काही नाही हो, पण पंगतीत सगळे हातानं जेवताना आपण एकट्यानं चमचा घ्यायचा, हे त्यांना सोसत नाही. तेव्हापासून कुणाच्याही लग्नात अक्षता पडल्या की हे गाडीला किक मारतात. मृणालच्या लग्नात व्याह्यांनी किती आग्रह केला, तरी "माझं पोट जरा..." म्हणून मांडवाबाहेर उभे राहिले. पोरीनं ते मनाला लावून घेतलं. जहाजाचं तिकीट काढल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "आई, त्या फॉर्मल जेवणाला बाबा टेबलाशी जेवायला बसलेत असा एक फोटो मला पाहिजे. बाकी काही नको."

झालं, खरेदी सुरू. मी माझी पैठणी काढली, अंगाला लावून पाहिली आणि परत ठेवली. बायांनो, आधीच सांगते, समुद्रावर पैठणी नेऊ नका. संध्याकाळीसुद्धा हवा दमट असते, जरीचा काठ अंगाला चिकटतो, आणि वाऱ्यात तो पदर सांभाळता सांभाळता जेवण राहून जातं. मी एक निळी महेश्वरी घेतली आणि एक नारायणपेठ. ब्लाउजला सुती अस्तर, काखेत घामाच्या पट्ट्या, बाही कोपरापर्यंत. ते जाळीचे आणि चमकीचे प्रकार दिसतात छान, पण दमट हवेत अंगाला असे टोचतात की विचारू नका.

ह्यांच्यासाठी कापड बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं गडद निळा कोट पुढे केला. ह्यांनी आरशात पाहिलं आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या खिशांवर त्यांचा जीव जडला. माझ्या कानात म्हणाले, "पँटच्या खिशात हात घातला की मानूस आखडू दिसतो. कोटाच्या खिशात घातला की साहेब." पण खिशात हात घालून पाहिला मात्र नाही. पाहायचा तर तो दुकानदारासमोर बाहेर काढावा लागला असता. घरी आल्यावर कोट प्लॅस्टिकसकट कपाटात गेला. नवा कपडा घरात घालून मिरवायचा नाही, ही ह्यांची शिस्त.

तारकपूरच्या स्टँडवरून सकाळी सहाची पुण्याची गाडी धरली. शिरूरला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला, पुण्यात गाडी बदलून दुपारी ठाण्याला लेकीकडे. तुम्ही जाणार असाल तर असंच आदल्या दिवशी मुंबईत पोचा. थेट नगरहून धक्क्यावर जायचं म्हटलं तर रस्त्यात एखादा ट्रक आडवा झाला की जहाज गेलं म्हणून समजा.

धक्क्यावर विमानतळासारखी तपासणी असते. तिथं माझी पहिली फजिती. मी इस्त्री नेली होती! तपासणीवाल्या मुलीनं ती बाहेर काढून सगळ्यांसमोर उंच धरली. खोलीत इस्त्री चालत नाही, आगीची भीती. पावती देऊन ठेवून घेतली, उतरताना परत दिली. हे मागून म्हणाले, "शिलाई मशीन न्हाई आनलं हे नशीब." तुम्ही इस्त्री नेऊ नका. साडी न्हाणीघरात टांगा, गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडा, चुण्या आपोआप उतरतात. पाणी वाया जातं याची मला लाज वाटली, पण केलं.

जहाज म्हणजे काय सांगू, आमच्या कॉलनीतली चार अपार्टमेंट एकमेकांवर ठेवावीत एवढं. आमची खोली मात्र माचिसची डबी. पहिला दिवस नुसता बघण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली फॉर्मल. मी महेश्वरी नेसले. ह्यांनी कोट घातला, आणि देवा शप्पथ, मी तीस वर्षांत ह्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. डाव्या बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली होती, ती काढू का म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, नवा हाय हे कळाया नको?" जेवणघराच्या दाराशी कप्तान पांढऱ्या पोशाखात उभा राहून एकेकाशी हात मिळवत होता, शेजारी फोटोवाला. आमच्या पुढे पाच-सहा जण असतील. हे एकदम थबकले. कोटाच्या बाजूला हातानं चाचपडलं, परत चाचपडलं. चेहरा उतरला. "माझं पोट बिघडलंय. तू जा," म्हणाले आणि वळून चालते झाले.

मी मागे जायला हवं होतं. नाही गेले. इतका राग आला होता मला! लेकीचा फोटो, माझी साडी, पंधरा दिवसांची तयारी, आणि ह्यांचं पुन्हा तेच पोट! मी ताठ मानेनं कप्तानाशी हात मिळवला आणि आत जाऊन बसले. टेबलावर साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी होत्या, शालिनीताई. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. आत एसी असा कडक की दात वाजायला लागले, म्हणून शाल न्याच. सूप आलं, मग काय काय आलं. मी मान वर करून पाहिलं तर त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकही माणूस हातानं जेवत नव्हता. सगळे चमच्यानं. सगळेच्या सगळे! हे वर खोलीत घरून आणलेलं भडंग खात बसले असणार, आणि ज्या एका जागी ह्यांचा चमचा कुणाच्या डोळ्यांत खुपला नसता, त्याच दारातून परत गेले.

खोलीवर आले तेव्हा हे पलीकडे तोंड करून पडले होते. कोट हँगरवर. मी सहज खिशाला हात लावला आणि काय ते कळलं. खिसा शिवलेला होता. नव्या कोटाचे खिसे कच्च्या टाक्यांनी शिवून देतात, आकार बिघडू नये म्हणून, आणि घेणाऱ्यानं ते उसवायचे असतात. मी बायकांचं शिवते, कोटाशी कधी संबंध आला नाही, तरी पाहिल्यावर लक्षात आलंच. ऐन वेळी हात लपवायला जागा नव्हती. पँटच्या खिशापर्यंत जायचं तर पोटावर घट्ट बसलेला कोट सगळ्यांसमोर वर सारावा लागला असता. माझा राग कुठल्या कुठे गेला. ह्यांच्या पायावर पांघरूण घातलं आणि दिवा मालवला.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप. मोठं जहाज लांब थांबतं आणि छोट्या होडीनं बेटावर नेतात. पाणी असं नितळ की आपलीच बोटं मोजावीत. सुती पंजाबी ड्रेस आणि रबरी चप्पल पुरे. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तासभर पाण्यात उभे राहिले, लग्न झाल्या झाल्या आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो तेव्हा राहिले होते तसे.

चौथ्या दिवशी दुपारी वरच्या डेकवर चहा घेत होतो तेव्हा ते सातारकर दांपत्य समोर येऊन बसलं. हे डाव्या हातात कप आणि उजवा मांडीखाली, नेहमीसारखे. शालिनीताईंनी पाहिलं आणि सरळ विचारलं, "हाताला काय झालं हो तुमच्या?"

नगरमध्ये हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. नातेवाईक तर त्या बाजूला बघतसुद्धा नाहीत. ह्यांनी हात मांडीखालून काढला आणि टेबलावर ठेवला.

"प्रेस," हे म्हणाले. "हात आत गेला की मशीन थांबवनारा सेन्सर बंद हुता, मला म्हाईत हुतं. ऑर्डर पुरी करायची हुती. चूक माझीच हाय."

चूक माझीच. अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं, ह्यांना तुटक्या हाताची लाज वाटते. लाज त्याची नव्हतीच. हात दिसला की लोकांना आपला मूर्खपणा दिसणार, असं ह्यांना वाटत होतं.

शालिनीताई म्हणाल्या, "सगळा दोष स्वतःकडे कशाला घेता? बंद सेन्सरवर माणसाला उभं करणाऱ्याची काही चूक नाही का?" मग त्या उठता उठता म्हणाल्या, "आज या हं टेबलावर. परवा वहिनी एकट्या बसल्या होत्या, आम्हाला बरं नाही वाटलं."

संध्याकाळी ह्यांनी कोट माझ्या मांडीवर टाकला. "कात्री हाय ना तुझ्याजवळ? खिसा उसव."

मी शिवणाच्या बटव्यातून छोटी कात्री काढली. आधी बाहीवरची पट्टी काढली, ती काढायचीच असते, लक्षात ठेवा. मग खिसा हातात घेतला. चार टाके, एका मिनिटाचं काम. मी कात्री खाली ठेवली.

"नाही तुटत," मी म्हणाले. "फॅक्टरीचा दोरा आहे."

वीस वर्षं शिवणारी बाई कच्च्या टाक्याबद्दल हे सांगतेय! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुटत न्हाई, का तुला तोडायचा न्हाई?"

"मला तोडायचा नाही," मी म्हणाले. "रागवायचं तर रागवा. पण मी परत एकटी जाणार नाही, आणि तुम्हाला हात लपवूनही नेणार नाही. नसेल यायचं तर आपण दोघं इथं भडंग खाऊ."

ह्यांनी कोट घेतला आणि अंगात घातला. "चल. लई बोलायला लागलीस तू."

दाराशी तोच कप्तान. ह्यांनी उजवा हात पुढे केला. त्यानं हातात घेतला, डाव्या हातानं वरून थोपटला, काहीतरी छान बोलला आणि पुढच्या माणसाकडे वळला. एवढंच झालं. अकरा वर्षं ज्याला भ्यायलो, ते एवढंच होतं. आत बसल्यावर ह्यांनी चौफेर नजर फिरवली आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "आगं, हितं तर सगळेच चमच्यानं खात्यात की!" आणि असे खदखदून हसले की मुख्याध्यापकांनी दचकून पाहिलं. मासा खाल्ला, पुलाव खाल्ला, आइस्क्रीम तीनदा मागवलं. फोटोवाला आला तेव्हा दोन्ही हात टेबलावर होते. मृणालला तो फोटो पाठवला तर तिचा फोन आला, नुसती रडत होती.

आता तुमच्या कामाचं सांगते. पुरुषांनी जाड कोट नेऊ नका, घामानं जीव जातो. साधं लिननचं जाकीट किंवा जोधपुरी बास, टायची सक्ती नाही. बायकांनी हलकी रेशमी-सुती साडी, सपाट चप्पल, भरपूर सेफ्टी पिना. जहाज डुलतं, टाचा घालून पडाल. आणि आपलं काही लपवण्यासाठी म्हणून कपडा घेऊ नका. त्यानं माणूस आणखी अवघडतो, हे मी शिवणारी बाई म्हणून सांगते.

घरी येऊन महिना झाला. समुद्र मला आता तेवढा आठवत नाही. मागच्या आठवड्यात जामखेडला ह्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या, आणि सवयीनं मी पर्स उचलून गाडीकडे निघाले. मागे वळून पाहते तर हे नाहीत. मांडवात पहिलीच पंगत बसली होती आणि हे मधोमध मांडी घालून बसले होते, चमचा घेऊन. वाढायला ह्यांची धाकटी बहीण आली. समोर भावाला पाहिलं तशी ती भाताचं ताट धरून तिथंच थांबली, डोळे भरून आले तिचे.

"दादा, बसलास व्हय रं?"

"बसलो," हे म्हणाले. "वाढ की. भूक लागलीय."