पायडलवरचे लाकडी ठोकळे

आमचे हे उंचीने माझ्या खांद्याला लागतात, आणि माझा धाकटा भाऊ प्रत्येक दारातून वाकून येतो. गल्लीत त्याला शिडी म्हणतात.

हे सायकली बांधतात. दोन वर्षांपूर्वी शिडी हट्टाला पेटला, "भावजी, सीट अजून वर घ्या, गुडघे हँडलला आपटतात." ह्यांनी सीटचा दांडा 'ह्याच्या वर नको' अशा खुणेच्याही वर दोन बोटं ओढला. चौथ्या दिवशी खडकाळ उतारावर दांडा मोडला. पाठीला मार लागून शिडी तीन महिने अंथरुणात. तेव्हापासून भांडण टॉवेलवरून सुरू होवो की दुधावरून, शेवटी मी तेच तोंडावर मारायची, "माझ्या एकुलत्या एका भावाला तुम्हीच पाडलंत!"

यंदा ह्यांनी स्वतःहून शिडीला भिंतीशी उभं करून पाय, हात, पाठ मापली.

"पुन्हा? एकदा हौस फिटली नाही का?" मी म्हटलं. ह्यांनी पाठ पुन्हा एकदा मापली.

लांब फ्रेम, जाड टायर, पाठ ताठ राहील इतकं उंच हँडल. सायकल कसली, टोलेजंग प्रकरण! हँडलखालचा जोड ह्यांनी तीनदा कापून पुन्हा केला. मग कुठे चीर राहिली का, ते त्यावरून नख फिरवत बघत बसायचे.

शिडी पडला तेव्हापासून ह्यांचा एक नेम आहे. नवी सायकल त्याच उतारावरून आधी स्वतः उतरवायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. पण हिच्यावर ह्यांचे पाय पोचणार कसे? म्हणजे पहिला शिडीच बसणार, हीच मला धास्ती.

उताराच्या माथ्यावर ह्यांनी पिशवीतून लाकडी ठोकळे काढून पायडलना बांधले.

"अहो, थांबताना पाय कुठे टेकणार?"

"बघू." शिडीने सायकल धरली, हे दगडावर चढून बसले आणि सुटले.

मला आधी हसू आलं. मग सायकल खड्ड्यावरून उडाली, वळणाआड गेली आणि धाडकन आवाज आला. पुढे काहीच नाही. शिडी धावला. एकुलता एक भाऊ म्हणून ऊर बडवत होते, नवरे काय मला दोन होते?

दोघे वर आले तेव्हा ह्यांचं मनगट टम्म सुजलं होतं.

"जोड शाबूत आहे. थांबता येईना, म्हणून झुडपात घातली," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आता बसू दे त्याला?"

शिव्या ओठांवर आल्या होत्या, पण मी मान हलवली. शिडीने ठोकळे सोडले, सीट वर घेतली आणि निघाला.

ह्यांनी चांगल्या हाताने माझा हात गच्च धरला आणि डोळे मिटले. खालून "ताई, पाठ जराही दुखत नाही गं!" अशी हाक येईपर्यंत उघडले नाहीत. दोन वर्षं मी एकटीच घाबरलेय, असं मी समजत होते.