नऊ कामगार आणि एक गिऱ्हाईक

सत्तरच्या दशकात मी एकाच वेळी लहानही होतो आणि मोठा होता होता वाचलेलाही होतो. हे माझं म्हणणं नाही, सरकारचं होतं. लकडगंजात माझा संत्र्याच्या पेट्या ठोकायचा कारखाना होता. कारखाना हा शब्द आज मी बिनधास्त वापरतो. तेव्हा तो माझ्या तोंडून निघाला की बायको आधी दार लोटून घ्यायची.

भानगड अशी होती की सरकारला आमच्यासारख्यांना मोजायची हौस होती, पण प्रत्येक हापिसाची मोजपट्टी वेगळी. उद्योग खातं यंत्रांची किंमत पाहायचं. माझं यंत्र एकच, विजेवरचा गोल आरा, तोही दुसऱ्याने वापरून टाकून दिलेला. त्यामुळे तिथे मी लघुउद्योग ठरलो. तसं प्रमाणपत्र मिळालं, मी ते चौकट करून भिंतीवर लावलं. कुटीरोद्योगाच्या हापिसात गेलो तर तिथला बाबू म्हणाला, मोटर आहे ना, मग तुम्ही कुटीर नाही, तुम्ही आमच्यासाठी फार मोठे. आणि तिसरं खातं यंत्राकडे पाहतच नव्हतं, ते डोकी मोजायचं. वीज असेल आणि माणसं दहा असतील तर तो कारखाना. नऊ असतील तर काही नाही.

कारखाना होणं मला परवडणारं नव्हतं, किंवा परवडत नाही असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. परवाना काढा, भिंतींना ठरल्या मुदतीत चुना मारा, थुंकदाण्या ठेवा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसांना भरपगारी रजा द्या. म्हणून माझ्या हजेरीपुस्तकात नऊ ओळी होत्या. दहावी ओळ कोरी.

दहावा माणूस मात्र कोरा नव्हता. तो आऱ्यावर काम करायचा. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आला आणि नेमका तोच सगळ्यांत कामाचा निघाला. आऱ्याच्या दातांना धार तोच लावायचा. फळी हातात घेतली की नुसत्या वजनावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगायचा. त्याच्याशिवाय दिवसाला पन्नास पेट्याही निघाल्या नसत्या, आणि कागदावर तो जन्मालाच आला नव्हता.

त्या तिसऱ्या खात्याकडून तपासणीला येणारे इन्स्पेक्टर पुण्याकडचे होते, शुद्ध बोलायचे. त्यांची स्कूटर वळणावर दिसली की समोरचा पानठेलेवाला जोरात खाकरायचा. मग दहावा माणूस आरा बंद करायचा, अंगावरचा भुसा झटकायचा आणि खिळ्यावर टांगलेला कोट घालून काळी टोपी चढवायचा. कोट माझा लग्नातला, मला तो केव्हाच बसेनासा झाला होता. असा सजून तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा. इन्स्पेक्टरांपुरता तो नरखेडकडचा बागायतदार, पेट्या घ्यायला आलेला. ही युक्ती माझी, आणि मला तिचा फार अभिमान होता.

पहिल्या खेपेला तो फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला. इन्स्पेक्टरांनी नऊ डोकी मोजली, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या खेपेला मात्र त्याला कंठ फुटला. त्याने पायाने एक पेटी उलटी केली आणि म्हणाला, "काहून गा, हे ओल्या लाकडाची पेटी देऊन राहिला का मले? माहा माल दिल्लीले पोचेपर्यंत सडून जाईन ना!"

मी थिजलोच. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या घाईत मी ओलं लाकूड खपवत होतो हे अगदी खरं होतं. तो आऱ्यावरून हेच रोज सांगायचा आणि मी "तू तुझं काम कर" म्हणून त्याला गप्प करायचो. पण गिऱ्हाइकाला गप्प कसं करणार? तेही इन्स्पेक्टरांसमोर?

"जी, भाऊ," मी म्हणालो. "सुकं लाकूड लावतो."

"अन् खिळे मोज. तीनच दिसून राहिले. चार पायजे."

"जी."

मागे नऊ जण तोंडात फडकी कोंबून हसत होते. इन्स्पेक्टर गेल्यावर त्याने कोट नीट खिळ्याला टांगला आणि काहीच झालं नाही अशा थाटात आरा सुरू केला. मी तणतणलो, तर तो म्हणाला, "मालक, गिऱ्हाईक कसं असते ते तुमीच तं शिकवलं मले."

पुढच्या खेपेला बागायतदाराला तहान लागली. पाण्याचा माठ नाही हे पाहून तो इन्स्पेक्टरांकडे वळला आणि म्हणाला, "पाहा साहेब, या पोराइले पाणी पण नाही इथं." संध्याकाळच्या आत माठ आला. त्याच्या नंतरच्या खेपेला त्याला आऱ्याची भीती वाटली. "जाळी नाही बसवली का गा याच्यावर? गिऱ्हाइकाचा हात गेला तं?" मी जाळी बसवली. माझ्याच कोटात बसून, माझाच चहा पिऊन तो मला भादरत होता. मला राग यायचा आणि हसूही यायचं. पेट्या मात्र चांगल्या निघू लागल्या, हेही कबूल केलं पाहिजे.

मग एका सकाळी तो कोट न घालताच त्या खुर्चीसमोर उभा राहिला. हातात फॉर्म होता. त्याची मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती. शिष्यवृत्तीसाठी वडील जिथे काम करतात तिथला शिक्क्याचा दाखला हवा होता. मुदत शनिवारपर्यंत.

"फक्त येवढंच लिहा का मी इथं काम करतो," तो म्हणाला.

मी फॉर्म वाचला. एकदा नाही, तीनदा वाचला. शिक्का मारला की दहावा माणूस कागदावर जन्मणार आणि मी कारखाना होणार. मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाकडून घेऊन येशील का? आपल्या पानठेलेवाल्याकडून?"

 त्याने फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि आऱ्यावर गेला. मला लाज वाटली. इतकी की दिवसभर मी त्या बाजूला फिरकलो नाही. पण शिक्का काढला नाही तो नाहीच.

शुक्रवारी पानठेलेवाला खाकरला. दहावा माणूस कोट घालून खुर्चीत बसला, पण त्या दिवशी बागायतदाराचं तोंड बंद होतं. इन्स्पेक्टरांनी नऊ मोजले. मग म्हणाले, "जरा आरा चालवून दाखवा. जाळी कशी काम करते ते पाहू."

आऱ्याला हात लावायची नऊ जणांपैकी एकाचीही छाती होत नव्हती. शेवटी एकाने मोटर सुरू केली. दोन फळ्या झाल्या आणि तिसरीला पट्टा घसरून बाजूला पडला. आरा किंचाळला आणि थांबला.

पुढे जे झालं ते विचार करून झालं नाही. खुर्चीतला बागायतदार उठला. मोटर बंद केली, कोपऱ्यातला राळेचा खडा न पाहता उचलला, पकड यावी म्हणून पट्ट्याला घासला, दांडक्याने पट्टा चढवला आणि अंगठ्याने ताण पाहिला. सगळं टोपी घालून. मग त्याला भान आलं आणि दांडकं हातात धरून तो तसाच उभा राहिला.

इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, "नरखेडकडे बागायतदारांना पट्टाही चढवता येतो वाटतं. हे कोण आहेत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मालक सांगतीन," तो म्हणाला.

इथे मी छाती पुढे काढून खरं सांगितलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण माझ्या डोक्यात तेव्हाही एकच हिशेब चालू होता, की मालकाला कामगारांच्या डोक्यांत मोजत नाहीत, आणि भागीदार म्हणजे मालकच. "हे माझे भागीदार आहेत साहेब," मी म्हणालो. "बागायतदार तर आहेतच, पण भागीदारही आहेत."

"अस्सं! मग तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. सही केली. जो शिक्का मुलीच्या फॉर्मवर मारायला माझा हात उठला नव्हता, तो या कागदावर मारला. इन्स्पेक्टरांनी कागद वाचला, आणि मला वाटलं होतं तसा पिशवीत न घालता सरळ दहाव्या माणसाच्या हातात दिला. "तुमचा कागद आहे, तुमच्याजवळ ठेवा. मी पुढच्या महिन्यात येतो." आणि चहा न घेता गेले. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असावं असं मला तेव्हा कुठे वाटलं.

शनिवारी सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच तो दारात उभा होता. आत आल्यावर त्याने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक भागीदारीचा, माझ्या सहीशिक्क्याचा. दुसरा मुलीचा फॉर्म.

"मले मालक नाही व्हाचं," तो म्हणाला. "मी इथं काम करतो. माह्या पोरीच्या बापाचं काम खोटं नाही. यातला एक खरा करा, दुसरा मी फाडतो."

आवाज चढला नव्हता. माझ्याच टेबलावरचा शिक्का उचलून त्याने दोन कागदांच्या मध्ये ठेवला. ते पाहून माझी सगळी हुशारी जागच्या जागी संपली. मी फॉर्मवर सही केली आणि शिक्का इतका जोरात मारला की दौत कलंडली. मग हजेरीपुस्तक उघडून दहावी ओळ भरली. त्याने भागीदारीचे चार तुकडे केले आणि फॉर्म घेऊन कॉलेजात गेला. त्या अर्ध्या दिवसाची हजेरी मी पूर्ण मांडली, हा माझा भरपगारी रजेचा पहिला खर्च.

महिनाभराने इन्स्पेक्टर आले. पानठेलेवाला सवयीने खाकरला, पण कोणी हललं नाही. भिंतींना चुना मारलेला, दारात दोन थुंकदाण्या. इन्स्पेक्टरांनी बोट दाखवत मोजलं, दहा. मग खिळ्यावरचा कोट पाहिला, रिकामी खुर्ची पाहिली आणि मला विचारलं, "आज तुमचं गिऱ्हाईक नाही आलं?"

 तेवढ्यात आरा बंद झाला. बनियनवर, केसात भुसा, असा तो एक फळी घेऊन माझ्यासमोर आला आणि सगळ्यांदेखत ती टेबलावर आपटली.

"मालक, हे लाकूड ओलं हाय. मी नाही कापत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जी, भाऊ."