गावाच्या इतिहासातलं आमचं पान

परवा मुलीने ओहायोतल्या डब्लिन शहरातल्या एका बुक सेलमधून पातळसं पुस्तक आणलं. "आई, लुक, आपण आहोत यात!" तिथल्याच ज्या खेड्यात ह्यांचा दवाखाना होता, त्या गावाचा तो इतिहास होता. पानांना दमट कागदाचा वास होता. त्या वासाने मला डोरिस आठवली.

डोरिस गावची लायब्ररी सांभाळायची. एकदा ती आमच्याकडे आली तेव्हा मक्याची कापणी चालू होती, तिच्या कोटावर भुसा चिकटला होता. दारात वही उघडून ती म्हणाली, "गावाच्या इतिहासात प्रत्येक घराचं एक पान आहे. तुमचंही हवंय."

गॅसवर फोडणी होती. ती वासाला नाक मुरडेल म्हणून मी दार अर्धंच उघडलं होतं. "आम्ही इथले नाही, लवकरच जाणार आहोत," म्हटलं आणि नावही न सांगता दार लावलं.

त्यानंतर आम्ही तिथे एकोणीस वर्षं राहिलो. ते पुस्तक मी कधी हातात घेतलं नाही.

डोरिसने आमचं पान तरीही लिहिलं होतं. ह्यांचं नाव होतं, शाळेतून कळलेलं मुलीचं नाव होतं, आणि मग नुसतं 'डॉक्टरांची पत्नी'.

"आई, तुझं नेमच नाहीये. व्हाय?"

"विसरली असेल म्हातारी," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझे कान तापले.