उजव्या मागच्या चाकाचा आकडा

ती घटना मी विसरलेलो नाही. वार, वेळ, पंचनाम्यावर सही करणाऱ्या दोन पंचांचे चेहरे, सगळं लक्षात आहे. टायरवरचा आकडाही लक्षात आहे. पुढे जे लिहिणार आहे ते त्या आकड्यावरच उभं आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. तीनशे पाच.

मी तेव्हा रायपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमचं घर बूढापाऱ्यात, चार पिढ्यांपासून. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि शिपायांशी मोडकीतोडकी छत्तीसगढी, असं माझं रोजचं बोलणं. या तिन्ही भाषांचा या प्रकरणात उपयोग झाला. मराठीचा सगळ्यात वाईट झाला.

रविवारची सकाळ होती. नव्या रायपूरकडे जाणारा रस्ता रुंद आणि सरळ. सुट्टीच्या दिवशी श्रीमंत घरची पोरं तिथे गाड्या पळवायला येतात हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. त्या सकाळी दोन आसनांच्या एका लाल परदेशी स्पोर्ट्स कारने एका स्कूटीला मागून उडवलं आणि मग स्वतः दुभाजकावर आदळली. स्कूटीवर एक बाई होती, पंडरीच्या कापडाच्या दुकानात कामाला जाणारी. ती जागीच गेली. तिचा जेवणाचा डबा वीस पावलांवर पडला होता, झाकण न उघडता.

रस्ता कोरडा होता. मी जप्तीचा मेमो करायला घेतला. गाडीची समोरची दोन्ही चाकं चेपलेल्या पत्र्यात गाडली गेली होती. मागची दोन शाबूत होती. मी उजव्या मागच्या चाकाशी वाकलो आणि टायरवरचा रुंदीचा आकडा मोठ्यानं वाचला. हेड साहेबांनी, म्हणजे आमच्या हवालदारांनी, तो लिहून घेतला.

"बाकी तीन, साहब?"

"सेम लिखो."

आमच्या लिहिण्याची ही जुनी रीत. ट्रक असो, बोलेरो असो, एका चाकाचा आकडा घ्यायचा आणि पुढे लिहायचं, 'शेष पहिये वैसे ही'. कुठल्या चाकाचा आकडा तेही लिहायचं नाही, कारण चारही सारखेच असतात. डावं मागचं चाक माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी ती चार पावलं गेलो नाही. गेलो असतो तरी लिहिलं तेच असतं, कारण मागचे दोन्ही टायर सारखेच होते. पण निदान 'मागचे' हा एक शब्द कागदावर आला असता.

ठाण्याचं आवार जप्तीच्या मोटारसायकलींनी भरलेलं. त्यामुळे आम्ही अपघाताच्या गाड्या भनपुरीत एका क्रेनवाल्याच्या आवारात ठेवायचो. कागदोपत्री ताबा आमचा, कुलूप त्याचं.

गाडी चालवणारा सव्वीस वर्षांचा, एका रोलिंग मिलवाल्याचा मुलगा. कपाळावर एक पट्टी, बाकी काही नाही. तो म्हणाला, "सर, मैं साठ-सत्तर में था. पीछे के टायर ने धोखा दिया. अभी दस दिन पहले नये डलवाए थे." त्याच दिवशी जामिनावर सुटला.

दुसऱ्या दिवशी वरून फोन आला, की मुलाच्या घरच्यांना गाडीतलं त्यांचं सामान काढू द्या. मी तोंडी परवानगी दिली. संध्याकाळी पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "साहब, छोटा हाथी लेके आए थे. दो घंटा लगा. बहुत सामान था उस छोटी गाडी में." छोटा हाथी म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो. तो हसला, मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी खबर आली. फोनवरच्या माणसाने नाव सांगितलं नाही. अमुक टायरच्या दुकानात जुने टायर काळं पॉलिश लावून नवे म्हणून विकतात, पॉलिशचा डबा काउंटरच्या डाव्या खणात असतो, इतकं तपशिलात सांगितलं. नोकरीत मी एक शिकलो होतो. खरी खबर देणारा घाईत असतो, त्याला फोन ठेवायचा असतो. हा माणूस निवांत होता. मला ते खटकलं. मी ते बाजूला ठेवलं.

मग वाहन तपासणीचा अहवाल आला. मागचे दोन्ही टायर सात वर्षं जुने, रबर कडक झालेलं, आकडा दोनशे पंचाहत्तर, या गाडीच्या वेगाला अपुरे. मी अहवालाचा शेवटचा परिच्छेद वाचला. आकडा मेमोशी ताडून पाहिला नाही. दुकानाची झडती घेतली. मागे जुन्या टायरांचा ढीग होता, तसा कुठल्याही टायरच्या दुकानात असतो. पॉलिशचा डबाही होता, डाव्या खणात. दुकानाने त्या मुलाला दिलेल्या बिलावर चार नवे टायर लिहिलेले. बिल नव्याचं आणि गाडीला जुने, म्हणजे फसवणूक सिद्ध. मी दुकानदाराला घेऊन आलो.

पंचेचाळिशीचा माणूस. नखांत काळं ग्रीस, खुर्चीच्या कडेवर बसलेला. मी कागदावरचं आडनाव पाहिलं आणि मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

त्याचा चेहरा सैल झाला. "पुलगावचे, साहेब. बाबा रेल्वेत होते, तवापासून इकडंच."

रायपुरात अनोळखी तोंडून मराठी ऐकली की माणूस अर्धा आपला होतो. लग्नात, बँकेत, दवाखान्यात मी हे पाहिलंय. चौकशीच्या खोलीत याचा काय उपयोग होतो तेही मला ठाऊक होतं. मी चहा मागवला आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो.

"जुने टायर काहून लावले?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"मी जुने नाही लावले, साहेब. तुमची बोलेरो आन् ते गाडी एक नाही. तिचे समोरचे टायर दोनशे पंचेचाळीस, मागचे तीनशे पाच. सारी ताकद मागच्या चाकायले, म्हणून ते रुंद. समोरचा मागं चालत नाही, मागचा समोर चालत नाही. आकड्याच्या शेवटी एक अक्षर राहते, किती वेग झेपन ते सांगणारं. ते बी पाहा लागते."

"आणि पोरगं काय म्हणत होतं?"

"पोट्टा म्हणे, मागचे दोनच टाका आन् आजच टाका. मी म्हटलं, भैया, चारही एका जातीचे पाहिजे, नाही तं समोरचं रस्ता धरते आन् मागचं सोडते. बाहेरून मागवले. अकरा दिवस थांबवलं त्याले. रोज फोन करून मले शिव्या दे. म्हणे दुसऱ्याकडे जातो. मी म्हटलं, जाय." तो पहिल्यांदा हसला. "गेला नाही. दुसऱ्याकडे बी नव्हते."

"मग?"

"आले तवा एकेक फिरवून पाहिला. बाजूले चार आकडे राहतात, पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. चारही त्याच वर्षाचे होते. बाणाची दिशा पाहून मीच बसवले. अशी गाडी माह्या दुकानात पहिल्यांदा आली होती, साहेब. मी दुसऱ्या कोणाले हात नाही लावू देला."

तो बोलत होता आणि मला ते खरं वाटत होतं. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस खोटं बोलताना इतके आकडे सांगत नाही. आकड्यांत तो पकडला जाऊ शकतो.

"मग गाडीला जुने टायर आले कसे?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं." मग त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पहिल्या दिवशी तुम्हीच गेले होते नं तिथं? मागचे टायर तुम्ही पाहिले असन. काय होतं त्यायच्यावर?"

मी म्हणालो, "प्रश्न मी विचारतो."

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त मराठीत बोलत राहिलो. एवढंच लिहून दे, म्हणालो, की बसवताना तू समोर नव्हतास, जुने टायर चुकून लागले असतील. हलगर्जीपणा लहान, फसवणूक मोठी. आपला माणूस म्हणून सांगतो.

"पण मी समोर होतो नं, साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला सांगितलं, की त्याची बायको सकाळपासून बाहेर व्हरांड्यात बसली आहे, पाणीही घेत नाही. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तं करतो सही. तुम्ही आपले आहात."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही हे मला माहीत होतं. पण तो वर्तमानपत्रात चालतो. दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि दुकानात गिऱ्हाईक येणं बंद झालं. लहान गुन्ह्याचं जे आश्वासन दिलं होतं तेही मी पाळलं नाही. फसवणुकीचं कलम तसंच ठेवलं.

त्याच आठवड्यात मेलेल्या बाईचा नवरा ठाण्यात आला. मी त्याला सांगितलं, खरा गुन्हेगार सापडला, टायरवाला. तो म्हणाला, "पर गाडी तो टायरवाला नहीं चला रहा था न, साहब?" मी हेड साहेबांना सांगितलं, यांना बाहेरपर्यंत सोडा.

आरोपपत्र दाखल करायच्या आदल्या दिवशी मी सगळे कागद एका टेबलावर मांडले. तेव्हा पहिल्यांदा दोन कागद शेजारी आले. माझ्या मेमोत तीनशे पाच, अहवालात मागच्या टायरांचा आकडा दोनशे पंचाहत्तर. मी वाकून वाचलेला आकडा मागच्याच चाकाचा होता. म्हणजे अपघाताच्या वेळी गाडीला योग्य टायर होते. ते माझ्या ताब्यातल्या आवारात बदलले गेले, मी दिलेल्या परवानगीच्या दोन तासांत. छोट्या हाथीतून कसलं सामान गेलं ते मला तेव्हा कळलं.

मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी दोन्ही कागद वाचले, परत माझ्या हातात दिले. "मेमो आपका. कब्जा आपका. परमिशन भी आपने दी, मौखिक. इन्क्वायरी किस पर बैठेगी, सोच लीजिए." त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. तसं सांगावं लागत नाही.

मी आरोपपत्र तसंच दाखल केलं.

खटला उभा राहिला. टायरवाल्याची वकील एक तरुण मुलगी होती, सरकारी मदतीतून मिळालेली. कोर्टात इतर कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट तिच्या लक्षात आली होती. माझी उलटतपासणी सुरू झाली तेव्हा तिने मेमो माझ्यापुढे धरला.

"यह तीन सौ पाँच नंबर किस पहिये का है?"

तो आरोपीच्या पिंजऱ्यात होता. काळं ग्रीस आता नखांत नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मला ठाऊक होतं की त्याला अजून आशा आहे. मी 'पिछला, दाहिना' एवढे दोन शब्द बोललो असतो तर तो घरी गेला असता.

मी म्हणालो, "याद नहीं."

"अंदाज़ से?"

"याद नहीं."

हेड साहेबांनी त्यांच्या साक्षीत सांगितलं की आकडा लिहिताना चुकला असेल. टायरवाल्याला दोन वर्षं शिक्षा झाली. गाडीवाल्या मुलाला टायरच्या अहवालामुळे संशयाचा फायदा मिळाला. मला तपासाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते कपाटात आहे, फ्रेम केलेलं नाही. टायरच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

बावन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोक प्रकृतीचं कारण समजतात, मी समजू देतो.

मागच्या हिवाळ्यात कळलं की तो टायरवाला केव्हाच सुटून आला आहे आणि भनपुरीत ट्रकांच्या रांगेशेजारी पत्र्याच्या शेडखाली टायरचं काम करतो. मी माझी जुनी गाडी घेऊन गेलो. टायर बदलायला झाले होते, पण ते निमित्त. त्याने मला लगेच ओळखलं. त्याचे केस पांढरे झाले होते.

मी म्हणालो, "कसा आहेस? ओळखलं नं मले?"

"जी सर. कौन सी गाड़ी है?"

तो गाडीभोवती फिरला. प्रत्येक चाकाशी वाकला, फडक्याने टायर पुसला आणि आकडा मोठ्यानं वाचला. एक, दोन, तीन, चार. माझ्या साध्या गाडीचे चारही टायर अर्थातच सारखे होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "एक पाहिला असता तरी चाललं असतं."

"एक देखके बाकी तीन का कैसे पता चलेगा, सर?"

आवाजात टोमणा नव्हता. तो त्याची कामाची पद्धत सांगत होता. मी पुन्हा मराठीत सुरुवात केली. चुकलं माझं, असं काहीसं. वाक्य पुरं होण्याआधी त्याने जॅक उचलला.

"मराठी मैं भूल गया, सर. हिंदी में बोलिए."

हिंदीत मला ते बोलता आलं नाही. त्याने चार टायर निवडले, चारहींवरचे आठवड्याचे आकडे मला दाखवले, बसवले. मी निघालो तेव्हा तो पुढच्या ट्रककडे वळला होता.

नोकरीतून काय शिकलात, असं लोक विचारतात. गुन्हेगार ओळखायला शिकलो, असं मी पूर्वी सांगायचो. आता एवढंच सांगेन, की ज्या माणसाकडून काही मिळवायचं असतं त्याच्याशी आपण त्याच्या भाषेत बोलतो, आणि ज्याला काही द्यायचं असतं त्याच्यापुढे आपल्याला आठवेनासं होतं. मी हे तीस वर्षं वर्दीत केलं आणि त्याला कौशल्य म्हटलं.

वरच्या न्यायालयात त्याचा अर्ज अजून पडून आहे. शिक्षा भोगून झाली, तरी नावावरचा डाग काढायला तो लढतो आहे. गेल्या आठवड्यात मी त्याच्या वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. ती आता तरुण राहिलेली नाही. तिने वाचलं आणि एकच विचारलं, "अब याद आया?" मग माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो हे तिने मला समजावून सांगितलं. ते मला माहीत होतं.

त्या प्रतिज्ञापत्रात जे लिहिलं आहे तेच इथे लिहितो. तीनशे पाच हा आकडा उजव्या मागच्या चाकाचा होता. तो मी स्वतः वाकून वाचला होता. बाकीची तीन चाकं मी पाहिली नाहीत.